खोडकर मुलांचे गुरुजी

(प्रस्तुत पाठात पांडुरंग सदाशिव साने म्हणजेच साने गुरुजी यांच्या जीवनाची ओळख करून दिली आहे. हट्टी, अव्यवस्थित आणि दंगेखोर मुलांना त्यांनी छडी न उगारता कसे वळण लावले, हे या पाठात वाचायला मिळते.)

विद्यार्थी मित्रांनो, मराठी शिकताना एक गंमत तुमच्या लक्षात आली असेल. खोड्या काढणाऱ्या मुलाला उर्दूत आपण शरीर म्हणतो. मराठीत मात्र शरीर म्हणजे देह. खोड्या काढणाऱ्या मुलाला मराठीत खोडकर, खट्याळ, द्वाड किंवा व्रात्य म्हणतात. आता शब्दांची दुसरी एक जोडी पाहा. उर्दूत सजा आणि तालीम हे दोन अगदी निराळे शब्द आहेत. मराठीत त्यांनाच शिक्षा आणि शिक्षण म्हणतात. हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. जणू सख्खी भावंडेच!

म्हणूनच की काय, शिक्षेशिवाय शिक्षण होत नाही, अशी पूर्वी अनेकांची समजूत होती. वर्गात कोणी बोलले की छडी, कोणी उशिरा आले की छडी, धडा पाठ झाला नाही तरी छडी. पालकही मुलाला शाळेत घालताना, वाटेल तेवढे मारा पण शहाणा करा, असे मास्तरांना खुशाल सांगत. अशा काळात खानदेशातील एका तरुण शिक्षकाने निराळा मार्ग धरला. मूल चुकले की ते आधी स्वतः कामाला लागत. त्या शिक्षकाला पुढे सारा महाराष्ट्र साने गुरुजी म्हणून ओळखू लागला.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, पालगड या गावी झाला. त्यांचे घराणे खोतांचे होते. खोत म्हणजे गावचा सारा वसूल करून सरकारात भरणारा वतनदार. परंतु पांडुरंगाच्या लहानपणी घरची श्रीमंती ओसरली होती. डोक्यावर कर्ज होते. वडिलांचे नाव सदाशिवराव आणि आईचे नाव यशोदाबाई. या आईनेच पांडुरंगाला घडवले.

थोर माणसे लहानपणी अगदी शहाणी असतील, असे आपल्याला वाटते. गुरुजींनी मात्र आपले बालपण कधी रंगवून सांगितले नाही. आपण हट्टी होतो, भित्रे होतो, हे त्यांनी 'श्यामची आई' या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे. या पुस्तकातला श्याम म्हणजे ते स्वतःच.

एकदा आंघोळ झाल्यावर लहानग्या श्यामने हट्ट धरला. ओल्या पायांना माती लागू द्यायची नाही, असे त्याचे म्हणणे होते. आईने आपल्या लुगड्याचा पदर दगडावर पसरावा आणि त्यावर आपण पाय ठेवावा, अशी त्याची मागणी. दुसऱ्या कोणी एक धपाटा घातला असता. आईने पदर पसरला. श्यामचे पाय कोरडे झाले. मग तिने त्याला समजावले, की पायांना घाण लागू नये म्हणून जेवढा जपतोस, तेवढाच मनाला घाण लागू नये म्हणूनही जप. आधी तिने मुलाचे काम केले आणि मग त्याला शिकवण दिली. हा क्रम लक्षात ठेवा. पुढे आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

याच आईने एकदा त्याला मारलेही होते. गावची मुले विहिरीत पोहायला शिकत होती आणि हा भिऊन घरात लपून बसला होता. तिने त्याला शोधून काढले, फोकाने मारले आणि विहिरीवर पाठवले. तो पोहायला शिकला. पण घरी परतल्यावर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेही मन कळवळले. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, एवढीच तिची इच्छा होती. मोठेपणी गुरुजी शिक्षक झाले, तेव्हा त्यांनी आईचा फोक उचलला नाही. तिची कळवळ तेवढी उचलली.

प्राथमिक शाळा संपल्यावर पांडुरंग दापोलीच्या इंग्रजी शाळेत गेला. पण घरी पैशांची ओढाताण होती. औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे कळल्यावर तो तिकडे गेला. तेथे हाताने स्वयंपाक करावा, कधी अर्धपोटी राहावे, असे दिवस त्याने काढले. पुढे तो पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात आला आणि १९१८ साली मॅट्रिक झाला. त्याच्या आदल्या वर्षी आई वारली. शेवटच्या क्षणी तो तिच्याजवळ नव्हता. हे दुःख त्याच्या मनात जन्मभर राहिले. उपाशी पोटी वर्गात बसणे कसे असते आणि आईविना असलेले मूल आतून कसे असते, हे दोन धडे त्याला कोणत्याही पुस्तकाविना मिळाले. शिक्षक होण्यासाठी लागणारी खरी तयारी ती हीच होती.

पुण्याच्या महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरला आले. हे गाव आज जळगाव जिल्ह्यात आहे. तेथे प्रताप शेठजींच्या उदार देणगीतून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते. अभ्यास झाल्यावर १९२४ साली गुरुजी त्याच गावी खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात शिक्षक झाले. लवकरच शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. वसतिगृह म्हणजे ज्याला आपण बोर्डिंग किंवा होस्टेल म्हणतो ते.

आता त्या वसतिगृहाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून आलेली, घरी अहिराणी बोलणारी मुले. पहिल्यांदाच घर सोडलेले. सकाळी उठून भांडी घासा, अंथरूण गुंडाळा, कंदिलाची काच पुसा, असे सांगायला जवळ आई नाही. मग कपडे कोपऱ्यात पडलेले, पुस्तके जमिनीवर पसरलेली, कंदिलाची काच काजळीने काळी झालेली. त्यातच एकमेकांची थट्टा, भांडणे आणि रात्रीचा गोंगाट.

अशा वेळी व्यवस्थापकाच्या हातात सहसा दोनच गोष्टी असतात, दंड किंवा छडी. गुरुजींनी या दोन्हींचा आधार घेतला नाही. मुले खोलीत नसताना ते आत जात. पसरलेली पुस्तके नीट लावून ठेवत. अंथरुणे घडी करत. मळके कपडे धुऊन वाळत घालत. कंदिलाच्या काचा पुसून लख्ख करत. केर काढत. आणि याबद्दल कोणाला एक शब्दही बोलत नसत. मुले परत येत तेव्हा खोली झाडलेली असे.

तुम्ही म्हणाल, याने मुले सुधारतील की आणखी आळशी होतील? फुकटचा नोकर मिळाला, असे त्यांना वाटणार नाही का? प्रश्न बरोबर आहे. गुरुजींनी नुसता केर काढला असता, तर कदाचित तसेच झाले असते. पण त्या झाडूच्या मागे आणखी पुष्कळ काही होते.

एखादा मुलगा तापाने फणफणला, तर गुरुजी रात्र रात्र त्याच्या उशाशी बसत. कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत. एखाद्याची फी भरायची राहिली, तर आपल्या पगारातून भरत. कोणाला घरून पत्र आले नाही, कोण जेवला नाही, कोणाचा अभ्यास मागे पडला, हे सारे त्यांना ठाऊक असे. संध्याकाळी ते मुलांना गोष्टी सांगत. गोष्ट सांगता सांगता त्यांचे स्वतःचे डोळे भरून येत. रात्री मुले झोपल्यावर ते लिहायला बसत आणि 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक एकटेच तयार करत. मुलांनी सकाळी उठावे तो आजचा ताजा अंक वाचायला तयार असे. छापखाना नाही, पगारी लेखक नाही. वाचक मात्र ठरलेले. ज्या मुलांना दुसऱ्यांनी नुसते दंगेखोर म्हटले असते, त्यांच्यासाठी गुरुजी रोज एक वर्तमानपत्र लिहीत होते! पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही सुरू केले.

अशा माणसाने आपले मळके कपडे धुतलेले पाहिले की मुलांना लाज वाटू लागली. ही लाज चार लोकांत अपमान झाल्यावर येते तशी नव्हती. अपमानाच्या लाजेत राग मिसळलेला असतो; ती मूल आणखी हट्टी करते. आपल्यावर माया करणाऱ्या माणसाला आपल्यामुळे त्रास झाला, या जाणिवेने जी लाज येते, ती हाताला काम लावते. गुरुजींच्या आधी उठून झाडू हातात घ्यावा, त्यांना कंदिलापर्यंत पोहोचूच देऊ नये, असे मुलांना वाटू लागले. वसतिगृहाला हळूहळू वळण लागले. आईने पदर पसरला होता, तसाच गुरुजींनी झाडू हाती घेतला होता. आधी सेवा, मग शिकवण, हा क्रम तोच होता.

हा मार्ग सोपा मात्र नाही. छडीचा परिणाम त्या क्षणी दिसतो. वर्ग गप्प बसतो. मायेचा परिणाम दिसायला दिवस लागतात, कधी महिने लागतात. तोवर शिक्षकाला धीर धरावा लागतो आणि काही वेळा इतरांचे बोलणेही ऐकून घ्यावे लागते. गुरुजींचे मन फार हळवे होते. मुलांच्या चुकीचा दोष ते स्वतःकडे घेत आणि त्याचा त्यांना त्रास होई. प्रत्येक शिक्षकाला इतके जमेलच असे नाही. पण मूल असे का वागते, हा प्रश्न आधी स्वतःला विचारणे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.

गुरुजी अमळनेरच्या शाळेत सहा वर्षे होते. १९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला, तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला. परंतु तुरुंगातही त्यांच्यातला शिक्षक आणि विद्यार्थी जागाच होता. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना ते तमिळ भाषा शिकले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे गीतेवर प्रवचने देत असत. ती गुरुजींनी लिहून घेतली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिले. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला पुढे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. अमळनेरची मुलेही गुरुजी विसरले नाहीत. 'धडपडणारी मुले' या त्यांच्या कादंबरीत मुलांमध्ये रमणारे जे स्वामी नावाचे शिक्षक आहेत, त्यांच्यात गुरुजींचेच अमळनेरचे दिवस दिसतात. धडपडणारी, हा शब्दही पाहा. ज्या मुलांना लोक दंगेखोर म्हणत, त्यांना गुरुजींनी धडपडणारी म्हटले. धडपडणारे मूल पडते, चुकते, पण काहीतरी करू पाहत असते.

मुलांच्या बाबतीत जो मार्ग त्यांनी धरला, तोच समाजाच्या बाबतीतही धरला. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात दलित बांधवांना प्रवेश नव्हता. ही गोष्ट गुरुजींना सहन होईना. त्यांनी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मने वळवण्याचा प्रयत्न केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले. दुसऱ्याला दुखवण्याऐवजी त्यांनी स्वतःला कष्ट दिले. अखेर मंदिराचे दार सर्वांसाठी उघडण्याचे मान्य झाले.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ते आजही प्रसिद्ध होते. भारतातल्या एका भाषेच्या मुलांनी दुसरी भाषा शिकावी, एकमेकांचे साहित्य वाचावे, एकमेकांच्या घरी जावे, असे त्यांचे स्वप्न होते. या स्वप्नाला त्यांनी आंतरभारती असे नाव दिले. 'इस्लामी संस्कृती' या ग्रंथात त्यांनी हजरत मुहंमद पैगंबरांचे चरित्र मराठी वाचकांसाठी मोठ्या आदराने लिहिले. उर्दू माध्यमाच्या शाळेत बसून आज तुम्ही हा मराठी धडा वाचत आहात. गुरुजींना तुम्हांला पाहून किती आनंद झाला असता!

११ जून १९५० रोजी मुंबईत गुरुजींचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे पन्नास वर्षांचे होते.

मित्रांनो, आता काळ बदलला आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला. शाळेत मुलाला मारणे किंवा मानसिक त्रास देणे, या दोन्ही गोष्टींना त्या कायद्याने बंदी आहे. गुरुजींनी मायेने जे केले, ते आज कायदाही सांगतो. पण कायदा फक्त छडी काढून घेऊ शकतो. छडीच्या जागी काय ठेवायचे, हे शिक्षकाला आणि मुलांना मिळूनच ठरवावे लागते.

आपल्या मुंबईच्या उपनगरांतल्या शाळा पाहा. कुर्ला असो, घाटकोपर असो की अंधेरी, एकेका वर्गात कितीतरी मुले असतात. मागच्या बाकावरचा एखादा मुलगा सारखा बाक वाजवतो, शेजाऱ्याची वही ओढतो, शिक्षक फळ्याकडे वळले की तोंडाने आवाज काढतो. सारा वर्ग हसतो आणि धडा तिथेच थांबतो. त्याला वर्गाबाहेर उभे करणे सोपे आहे. पण कदाचित त्याला मागून फळा नीट दिसत नसेल. कदाचित एका खोलीच्या घरात रात्री उशिरापर्यंत दिवा चालू असतो आणि त्याची झोप होत नसेल. कदाचित तो शाळा सुटल्यावर वडिलांच्या दुकानात बसत असेल. कदाचित धडाच त्याला समजत नसेल आणि न समजणारा म्हणून हसू होण्यापेक्षा खोडकर म्हणून हसू झालेले त्याला बरे वाटत असेल. कारण कळले तर उपाय सापडतो. कोणाला पुढच्या बाकावर बसवावे लागते, कोणाला चष्मा लागतो, कोणाला फळा पुसण्याचे आणि वह्या गोळा करण्याचे काम द्यावे लागते, आणि कोणाची नुसती एकट्याला बाजूला घेऊन विचारपूस करावी लागते.

कारण कळले म्हणजे चूक माफच झाली, असेही नाही. त्याच्या दंग्यामुळे ज्या मुलीचा धडा बुडाला, तिचेही काही म्हणणे आहे. म्हणून वाट सोडून गेलेल्याला वाटेवर आणायचेच असते. आणि ते काम एकट्या शिक्षकांचे नाही. खोड्या पाहून हसणारे, टाळ्या देणारे आपणही त्यात वाटेकरी असतो. आपण हसायचे थांबवले, त्याला धडा समजावून दिला, डबा खाताना आपल्याजवळ बसवले, तर अर्धे काम तिथेच होते.

अमळनेरच्या त्या वसतिगृहात वीज नव्हती. संध्याकाळ झाली की मुले कंदील लावत आणि त्या उजेडात अभ्यासाला बसत. काच काळी असली की उजेड कमी पडतो. पण त्यात वातीचा दोष नसतो. गुरुजी रोज काच पुसत राहिले. वात मुलांचीच होती.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) साने गुरुजींचा जन्म कोठे व केव्हा झाला?
(आ) वसतिगृहातील मुलांसाठी गुरुजींनी कोणते दैनिक सुरू केले?
(इ) आंतरभारती म्हणजे काय?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) वसतिगृहातील मुलांना गुरुजींनी कसे वळण लावले?
(आ) अपमानाने येणारी लाज आणि मायेमुळे येणारी लाज यांत काय फरक आहे?

३. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत सापडणारे, पण अर्थाने वेगळे असलेले आणखी दोन शब्द शोधा आणि वाक्यांत उपयोग करा.

४. तुमच्या वर्गात सतत दंगा करणारा एखादा मुलगा किंवा मुलगी आहे असे समजा. त्याला मदत करण्यासाठी तुम्ही स्वतः काय कराल, ते आठ-दहा ओळींत लिहा. कोणाचेही नाव लिहू नका.